कमरेच्या वर, खांद्याच्या खाली

४ फेब्रुवारी

ताई,

सुई पडली म्हणून टेबलाखाली वाकलो, तर मानेतून कळ निघाली ती थेट अंगठ्यापर्यंत गेली. तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो. वाचनालयाच्या दारावरचा राखणदार आत डोकावला. त्याला आम्ही सगळे 'शांतता' म्हणतो, कारण अख्ख्या इमारतीत सर्वांत मोठ्यानं तोच ओरडतो. म्हणाला, "काय हो, कुणाच्या पाया पडताय?" मग त्यानंच बगलेत हात घालून उठवलं.

सुई पडलीच नव्हती. माझ्याच चिमटीत होती. टोक अंगठ्यात रुतलं होतं आणि मला कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासलं. मानेतल्या दोन मणक्यांमधली गादी सरकून हाताच्या नसेवर बसली आहे. तीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवतो आहे. आई सगळ्यांना अभिमानानं सांगत आली, माझा मुलगा मान खाली घालून काम करतो. तेच भोवलं.

ऑपरेशन केलं नाही तर हात जाईल म्हणतात. तीन दिवस तिथं राहायचं. ते जमणार नाही. आईचं तुला माहीत आहे, पण तू तीन वर्षांत आली नाहीस म्हणून लिहितो. डोळे जाऊन सहा वर्षं झाली, आता वार आणि महिनेही जायला लागलेत. घर मात्र पाठ आहे. भिंतीला हात न लावता स्वयंपाकघरात जाते, पेला उचलते, पाणी पिते, पेला होता तिथं ठेवते. आणि दुसरा आधार माझ्या आवाजाचा. संध्याकाळी दारातून "आलो गं" म्हटलं की मगच ती बसते. एकदा मला दोन तास उशीर झाला, तर शेजारच्या बाई "बसा हो, बसा" म्हणत होत्या आणि ही दाराला धरून उभी.

फोन अजून काढूनच ठेवला आहे. तुझा फोन आहे म्हटलं की ती तुला खोल्याखोल्यांतून शोधते, मागं त्यातच पडली. आपलं पत्रांचंच बरं. तुझं पत्र जेवण झाल्यावर वाचून दाखवतो. रोज. नवीन नसलं तर जुनं. काही वाक्यं गाळतो, कोणती ते तुला ठाऊक आहे.

ऑपरेशन पुढं ढकलतो. डाव्या हातानं शिवायची सवय करतोय. शांतता म्हणतो, आता पुस्तकं उलटी उघडतील.

ठोंब्या


११ फेब्रुवारी

ठोंब्या,

डाव्या हातानं काही शिवू नकोस. नस फार दिवस दबून राहिली की परत जागी होत नाही. हे मी वॉर्डातली सिस्टर म्हणून सांगते आहे. बहीण म्हणून जे सांगायचं ते आईला वाचून दाखवण्यासारखं नाही.

तीन दिवस राहायचे दिवस गेले. आमच्याकडं दोन वर्षं झाली, मानेचं ऑपरेशन सकाळी आणि माणूस संध्याकाळी आपल्या घरी. उपाशी ठेवून हाल करत नाही, दोन तास आधीपर्यंत गोड पाणी पाजतो. दुखायची वाट न बघता औषध आधीच देतो. शुद्धीवर आला की दोन तासांत उभा करतो, चालवतो, घोट गिळायला लावतो. अंथरुणात पडून माणूस बरा होत नाही, अंथरुणाचा होतो. पहिल्या वर्षी मीच ह्याला विरोध केला होता. आता नव्या मुलींना मीच शिकवते. चौकशी कर, तुमच्याकडंही असेल.

पण ह्यातलं अर्धं काम घरी करायचं असतं आणि आधी करायचं असतं. वाकायचं नाही, वर हात न्यायचा नाही, दोन किलोंच्या वर उचलायचं नाही. म्हणून रोज लागणारी प्रत्येक वस्तू कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली आणून ठेव. पाय अडकेल अशी सतरंजी, पायपुसणं काढ. बसायला हाताची उंच खुर्ची. बूट बिनबंदाचे. फोन जोडून उशाशी. आणि पहिले चोवीस तास घरात एक जबाबदार मोठं माणूस. ह्यात सूट नाही. मानेत आतून सूज आली तर श्वास अडतो, आणि ते ओळखायला दुसरं कुणीतरी लागतं.

मी आले असते. दोघी बाळंतपणाच्या रजेवर आहेत, मार्च संपेपर्यंत मला हलता येत नाही. खरंच.

आईला सांग, खिडकीतल्या कुंडीला तिसरं पान आलं.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

आहे आमच्याकडंही. ९ मार्च ठरली. तिथल्या सिस्टर तुझ्याच जातकुळीच्या. एक फाइल हातात दिली आणि म्हणाल्या, "पाठ करून या, मी विचारणार आहे." म्हटलं, "बाई, मी पुस्तकं शिवतो, वाचत नाही." हसल्या नाहीत.

घर लावलं. शांतता मदतीला आला होता, चार संध्याकाळी लागल्या. खालच्या कपाटातले डबे ओट्यावर आणले, वरच्या फळीवरचे मधल्या फळीवर. पेले सिंकखाली असायचे ते टेबलावर. बोळातली सतरंजी गुंडाळून ठेवली. हाताची खुर्ची घरात एकच, आईची. ती माझ्या खोलीत नेली, तिला माझी दिली. आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न. बूट आणले. इतके मऊ आहेत की पाऊल वाजत नाही, चोरानं घ्यावेत असे. फोनही जोडला. शांतता कमरेवर हात ठेवून म्हणाला, "आता बघा, काही हरवायचं म्हटलं तरी हरवणार नाही."

आई सगळीकडं हात फिरवून आली. म्हणाली, "इथं कोण राहायला येणार आहे?"

"कुणी नाही गं. आवराआवर केली."

"मग आपण कुठं राहायचं?"

मी हसलो. तीही हसली जराशी.

तिला ऑपरेशनचं सांगितलेलं नाही. सकाळी कामावर जातो म्हणून जाणार आणि संध्याकाळी येणार. तुमचा कार्यक्रम इतका झकास आहे की तिला पत्ताही लागणार नाही. दिवसभर शेजारच्या बाई बसतील. फॉर्मवर विचारलं होतं, घरात जबाबदार मोठं माणूस आहे का. 'आहे' असं लिहिलं.

ठोंब्या


२७ फेब्रुवारी

ठोंब्या,

शाबास. आमच्या पेशंटांपैकी निम्मेही इतकं करत नाहीत. घराचं वाचून इतकं बरं वाटलं की जेवणाच्या सुट्टीत मुलींना वाचून दाखवलं.

मोठं माणूस म्हणजे शेजारच्या बाईच ना? रात्री राहणार आहेत ना? नीट लिही.

आणि आईला सांग. तिचे डोळे गेलेत, बाकी ती आहे. लपवलेलं तिला कळतं, फक्त काय लपवलंय ते कळत नाही. ते जास्त वाईट.

गळ्याच्या पुढच्या बाजूनं कापतात, त्यामुळं काहींचा आवाज बसतो. बहुतेकांचा थोड्या दिवसांत परत येतो. घाबरू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुला फोन येईल. आमच्याकडं ते काम माझं. साडेआठला आदल्या दिवशीच्या सगळ्यांना फोन करायचा आणि चार गोष्टी विचारायच्या. श्वास, गिळणं, हातपाय, आवाज. पाचवी मी माझी विचारते, ती कागदावर नाही. घरात कोण आहे? त्यावरून सगळं समजतं. एकजण म्हणाला होता, "मांजर."

ताई


१० मार्च

ताई,

झालं. काल सकाळी सातला गेलो, साडेपाचला घरी. वीस पावलं चाललो, मग जिना. शांतता टॅक्सीतून घेऊन आला. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर ओरडत होता.

हातात ऊब आली आहे. आज उठल्या उठल्या सुई घेऊन अंगठ्याला टोचून पाहिली. लागली. डोळ्यांत पाणी आलं, पण लागली म्हणून नव्हे.

आवाज नाही. म्हणजे आहे, माझा नाही. लाकडावर पॉलिश कागद घासल्यासारखा येतो. श्वास ठीक. गिळताना थोडं अडकतं.

आई बरी आहे.

फार लिहवत नाही.

ठोंब्या


१५ मार्च

पोरी,

हे पत्र मी एका गृहस्थांकडून लिहवून घेते आहे. ते दवाखान्याकडून आलेले आहेत. त्यांचा घसा बसला आहे, पण माणूस चांगला आहे, सांगितलं ते लिहितात. मध्येच थांबतात, मग मी पुन्हा सांगते.

तुझा भाऊ गेला. वार मला आता कळत नाही. सकाळी कामावर जातो म्हणून गेला तो आला नाही. दुसऱ्या दिवशी फोन वाजला. एक बाई विचारत होत्या, काल ऑपरेशन झालं ते आता कसे आहेत. मी म्हटलं, कसलं ऑपरेशन, तो तर घरी आलाच नाही. त्यावर त्या काही बोलल्याच नाहीत. तेव्हा मी समजले. त्याला काही दुखत होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही नाही. तुला माहीत होतं का?

मला दुसऱ्या घरात आणून ठेवलं आहे. सोय चांगली आहे. पेला सापडत नाही, विचारावा लागतो. खुर्चीला हात नाहीत, उठताना जड जातं. तक्रार नाही. शेजारच्या बाईही येतात. त्या मला समजावतात की हे गृहस्थ म्हणजेच माझा मुलगा. मी त्यांना काही म्हणत नाही. चांगल्या मनानं बोलतात.

त्याचे बंदाचे बूट दाराशी पडले होते. ह्या गृहस्थांना म्हटलं, तुमचं माप काय? तेच निघालं. म्हटलं, घ्या. घेतले त्यांनी.

तू धावत येऊ नकोस, तुझं काम सांभाळ. पत्र मात्र लिही. कोण वाचून दाखवणार ते मला माहीत नाही.

तुझी आई

ताई, इथून खाली माझं आहे. मी आहे. तिनं सांगितलं तसंच्या तसं लिहिलं, कारण ती मध्येच म्हणाली, "काय लिहिलंत ते वाचा बघू." तुझा भाऊ गेला, हे मी माझ्या तोंडानं तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर आहे. पुढं लिहा."

त्या संध्याकाळी मी दारातून "आलो गं" म्हटलं. ती वळली आणि म्हणाली, "कोण हवंय आपल्याला?" बाई म्हणाल्या, "अहो, चिरंजीव तुमचे!" ती कसनुशी हसली. मी जवळ गेलो तर पाऊल वाजत नाही. अंगाला पुस्तकं चिकटवायच्या खळीचा वास नाही, दवाखान्याचा आहे. तिचा हात घेऊन गालावर ठेवला तर दाढीचे खुंट, आणि खाली गळ्याला पट्टी. तिनं हात काढून घेतला. म्हणाली, "असू द्या, असू द्या." मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं तिनं.

फोन वाजला तेव्हा मी मोरीत होतो. धावायचं नाही, असं फाइलीत लिहिलं आहे.

ती समजते की मी वाईट बातमी सांगायला आलेला माणूस आहे आणि माझी जीभ रेटत नाही. काल म्हणाली, "तुम्हाला जड जातंय. कळतं मला. नका सांगू."

आणि एक. मोठं माणूस म्हणून मी फॉर्मवर आईचं नाव घातलं होतं. चौऱ्याऐंशीची आहे, मोठी आहेच. बाईंना रात्री मीच घरी पाठवलं. त्या रात्री आई माझ्या दारात ती बिनहाताची खुर्ची ओढून बसली. घर परकं, माणूस परका, पण त्याचा घसा बरा नाही म्हणून. मधून मधून विचारायची, "अहो, श्वास घेताय ना?" मी हूं म्हणायचो. उजाडेपर्यंत बसली होती.

म्हणजे फॉर्मवर मी खोटं लिहिलं नव्हतं.


१७ मार्च

ठोंब्या,

सुई लागली! दोनदा वाचलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आवाजाचं मनावर घेऊ नकोस, कुजबुजूही नकोस, त्यानं घशावर जास्त ताण येतो. रोज चाल.

'आई बरी आहे' एवढंच लिहिलंस. एरवी तिच्यावर पानभर लिहितोस. तू घरी आलास तेव्हा काय म्हणाली? तिला सुगावा लागला नाही ना? म्हटलं नव्हतं का, कार्यक्रम झकास आहे!

ताई


२२ मार्च

ठोंब्या,

पाकिटावर तुझं अक्षर होतं म्हणून हसत फोडलं. 'तुझा भाऊ गेला' हे तुझ्याच अक्षरात वाचलं. खालचं वाचेपर्यंत मी काय केलं ते मला आठवत नाही. मुली सांगतात, मी खुर्ची नीट सरळ लावून ठेवली आणि तिच्यावर न बसता जमिनीवर बसले.

त्या यादीचं. दोन वर्षांत चारशे जणांना दिली असेल. कमरेच्या वर, खांद्याच्या खाली. एकालाही विचारलं नाही की ह्या वस्तूंना तुमच्या घरात आणखी कुणाचे हात लागतात. तुझं आवरलेलं घर मी टाळ्या मिळवायला वाचून दाखवलं. आईची खुर्ची नेलीस ते वाक्यही वाचलं.

घर होतं तसं लाव. तू नाही, शांतताला लावायला सांग. दोन किलो, लक्षात ठेव.

आता बहीण म्हणून. तीन वर्षांपूर्वी मी दोन दिवस आधी निघाले. ड्यूटी लागली म्हणाले होते. लागली नव्हती. तू औषधं आणायला गेला होतास आणि मी तिचे केस विंचरत होते. ती म्हणाली, "बाई, तुमचा हात हलका आहे हो. माझी मुलगीही नर्स आहे. लांब असते. पत्रं फार छान लिहिते." मी म्हटलं, "आई, मीच ती." तर म्हणाली, "नाही हो. तिचा आवाज मला चांगला माहीत आहे. रोज ऐकते."

ती रोज ऐकत होती तो तुझा आवाज, ठोंब्या. माझी पत्रं वाचणारा.

तुला सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं की तू माझं काहीतरी घेतलंस. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. म्हणून आले नाही. आता तुझा आवाज गेला, तर तिची मुलगीही त्याच दिवशी गेली. तिला ते अजून माहीत नाही इतकंच.

आईसाठी वेगळं पत्र घातलं आहे. त्यात लिहिलं आहे की तू बरा आहेस, घरीच आहेस, फक्त घसा बसला आहे. तू वाच. नाहीतर बाईंना वाचायला सांग. एप्रिलमध्ये मी येते.

ताई


३० मार्च

ताई,

घर परत लावलं. शांतता उचलत होता आणि मी बोट दाखवत होतो. गंमत अशी की काय कुठं होतं ते मला सांगता येईना. डोळे आहेत म्हणून कधी बघितलंच नव्हतं. मग खुणा शोधल्या. सिंकखालच्या फळीवर पेल्याच्या बुडाची गोल कडी उमटली आहे, तिच्यावर पेला ठेवला. डब्यांचे डाग मिळाले. खुर्चीच्या पायांनी फरशीवर चार ठिपके पाडले आहेत, त्यांच्यावर खुर्ची. सतरंजीचं मात्र कळेना, तेव्हा शांतता डोळे मिटून बोळातून चालला आणि म्हणाला, "इथं पाहिजे." दाराच्या चौकटीवर आपटला, पण जागा बरोबर सांगितली.

आई उठली, बोळात आली. सतरंजी पायाला लागली तिथं थांबली. मग सरळ जाऊन पेला उचलला. पाणी प्यायली. पेला ठेवला. माझ्याकडं वळून म्हणाली, "मला माझ्या घरी आणलंत. उपकार झाले तुमचे."

मग सगळ्या खोल्यांतून फिरून आली. माझ्या खोलीच्या दारात जरा जास्त वेळ उभी राहिली. म्हणाली, "त्याच्या खोलीत तुम्हीच झोपा आता. रिकामी ठेवून काय करायची?"

तुझं पत्र बाईंनी वाचलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. त्या गेल्यावर म्हणाली, "मुलगी लिहिते की तो बरा आहे. म्हणजे तुम्ही माझं पत्र टाकलंच नाहीत."

मी टाकलं होतं म्हणालो.

"मग तिला सोसत नाहीये. बरोबर आहे, तिथं एकटी असते." थोड्या वेळानं म्हणाली, "आपण असं करू. तिला परत लिहू नका तसं. लिहा, भाऊ मजेत आहे. मान खाली घालून काम करतो."

तेव्हा तिच्या वतीनं लिहितो. भाऊ मजेत आहे. मान खाली घालून काम करतो.

दुसरं वाक्य खोटं आहे. सिस्टरांनी टेबल उंच करायला लावलं, आता पुस्तक डोळ्यांसमोर धरून शिवायचं. हात चांगला आहे.

तीन वर्षांपूर्वीचं वाचलं. त्यावर काय लिहू? ये.

ठोंब्या


२४ एप्रिल

ठोंब्या,

परत पोचले. गाडीत शेजारच्या प्रवाशानं विचारलं, कुठून येताय. म्हटलं, आईकडून. एवढं म्हणायला बरं वाटलं.

तू कामावर गेल्यावरचं तुला सांगते. पाच दिवस मी दुपारची बाई होते. पहिल्या दिवशी 'आई' म्हटलं, तर म्हणाली, "सगळे मला आई म्हणायला लागलेत. हे आपलं बरं आहे, पोरं नाहीत तर पोरांची सोय." आणि हसली. तुझ्यासारखंच हसते, नाकातून.

दुसऱ्या दिवसापासून मी नुसते केस विंचरले. ती बोलत होती. तू लहानपणी कागद खायचास हे मी विसरले होते. तुझं ऐकून झालं की माझं सांगायची. मी ऐकत होते. आपल्याबद्दल आपल्यालाच ऐकायला मिळणं किती विचित्र आहे ते तुला आता कळत असेल. ती आपल्या दोघांवर फार जीव लावून आहे, ठोंब्या. आपण समोर नसताना.

शेवटच्या दिवशी माझा हात धरला आणि हळू म्हणाली, "मुलगा गेला ते मुलीला कळू दिलेलं नाही. तुम्हीही कुठं बोलू नका." मी म्हटलं, "नाही बोलणार."

निघताना तिनं तुला सांगितलेलं मी ऐकलं. "ह्या बाईंना परत बोलवा. हात हलका आहे."

आम्ही यादीत एक ओळ वाढवली आहे. घरात आणखी कोण राहतं, आणि ते घरात कसे वावरतात? मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, हे कशाला. म्हटलं, राहू द्या.

तुझ्या आवाजाला अजून वेळ आहे. येईल. माझं मन सांगतं, तू दारात उभा राहून "आलो गं" म्हणशील त्या दिवशी सगळं जागेवर बसेल. ती तुला ओळखेल, आणि तू वाचलंस की मलाही. आला की त्याच दिवशी मला लिही. मी वाट बघते आहे.

ताई


११ मे, संध्याकाळ

ताई,

आला. आज दुपारी. खळ संपली म्हणून शांतताला हाक मारली आणि ती वाचनालयभर घुमली. तो दारातून कडाडला, "शांतता!" मग पळत आत आला आणि म्हणाला, "अहो, पुन्हा बोला." बोललो. त्यानं मला तीनदा बोलायला लावलं. चौथ्यांदा वाचकांनी तक्रार केली.

घरी निघालो. हात मुद्दाम धुतले नाहीत, खळीचा वास राहू दिला. ते बंदाचे बूट आता घालता येतात, तेच होते पायात. जिना जरा जोरात वाजवत चढलो. सकाळी दाढी केलेली होती. घर जिथल्या तिथं. काही राहिलं नव्हतं, ताई. सगळं होतं तसं होतं.

ती तिच्या खुर्चीत होती. पेला हातात. मी दारातून म्हटलं, "आलो गं."

पेला हलला. तिनं तो आधी नीट खाली ठेवला. मग दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, उठावं तसे, पण उठली नाही. तिचा चेहरा एकदा सगळा उघडला. मी पाहिला तो. नंतर मिटत गेला, तोही पाहिला.

म्हणाली, "तुमचा घसा बरा झाला."

मी म्हटलं, "आई, मी आहे."

"अगदी त्याच्यासारखं बोलता हो." मग म्हणाली, "नका बोलू तसं."

मी जवळ गेलो. खाली बसलो, सावकाश, गुडघ्यांवर, सिस्टरांनी शिकवलं तसं. म्हटलं, "गेलोच नव्हतो गं. इथंच होतो." तुझं पत्र खिशात होतं, कुंडीला तिसरं पान आलं ते. ते पाठ आहे, तसंच तिला तोंडानं म्हणून दाखवलं. तिनं कानांवर हात ठेवले.

"दोन महिने लागले मला," म्हणाली. "आता परत नका करू. मला पुन्हा नाही जमणार."

मी उठलो. जेवण वाढलं. न बोलता जेवलो. जेवण झाल्यावर ती सवयीनं टेबलाशी बसून राहिली, पत्र वाचायची वेळ होती म्हणून. मी वाचलं नाही.

तू लिहायला सांगितलं होतंस म्हणून त्याच दिवशी लिहितो आहे. हात चांगला चालतो. अक्षर बघ.


१२ मे, सकाळ

पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून पुढचं ह्यातच लिहितो.

सकाळी उठलो. मोरीत जाऊन घसा खाली ओढून पाहिला. दोन-तीनदा केल्यावर तो जुना खरखरीत आवाज जमला. बाहेर येऊन त्या आवाजात विचारलं, "चहा ठेवू का?"

ती म्हणाली, "ठेवा."

चहा ठेवला. साडेआठला कामावर गेलो.